कोठीच्या बुडाला

देवपूर, धुळे
२४ मार्च २०२५

अक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच फाडशील, असं तेजस म्हणतो. मी म्हटलं, फाडायला आधी हातात तर घ्यावं लागेल! सतरा वर्षांनी माझं काहीतरी तुझ्या हातात पडतंय, एवढंही मला पुष्कळ आहे. मोबाइलवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही.

काम आहे म्हणून लिहितेय. गैरसमज नको.

तेजसचे बाबा जाऊन चौदा महिने झाले. तुझी मुलं दहाव्याला आली होती, तू आली नाहीस. असो. तू त्यांना तोंडावर 'चुडामण भंगारवाले' म्हणायचीस आणि ते हसायचे. तुझं किती खरं होतं, ते मला आता कळतंय. या माणसाने जन्मात काही फेकलं नाही. कापड नसलेल्या एकोणीस छत्र्या निघाल्या. मी मोजल्या. कुलपं हरवलेल्या किल्ल्यांचा एक जुडगा निघाला, तो एका हाताने उचलत नाही. शहाऐंशी सालापासूनची कॅलेंडरं आहेत, आणि प्रत्येकावर दूध किती घेतलं त्याच्या खुणा. या तीन खोल्यांत मी छत्तीस वर्षं आडवी होऊन चालले, अक्का. सरळ चालायला जागाच नव्हती.

म्हणून ठरवलं, आता घर रिकामं करायचं. नव्याने राहायचं. मरायच्या आधी मला माझ्या स्वतःच्या घरात एक रिकामी खोली पाहायची आहे. हसू नकोस.

तेजसने नाशिकहून फोनवर रीत सांगितली. आई, तीन ढीग कर. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. वस्तू हातात घे, मनाला विचार आणि ढिगात टाक. मी तसंच करायला बसले. पण पहिल्याच दिवशी चौथा ढीग करावा लागला. तुझा. एका पायाने लंगडं पोळपाट, तू माझ्या बाळंतपणात आणलेलं. निळा थर्मास. 'धुरपदा' नाव टाकलेलं ताट, माझ्याकडे कसं राहिलं देव जाणे. आणि झोक्यावरचा तुझा फोटो, वेणी हवेत, तोंड उघडं. हे ठेवायचं नाही, द्यायचं नाही आणि टाकवत तर नाहीच. पाठवू का, एवढंच कळव.

सोनगीरच्या हंड्याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. फक्त एवढंच सांगते, की तीनही खोल्या उलट्यापालट्या केल्या आणि हंडा निघाला नाही. कारण तो इथे कधी नव्हताच. आणि तो मी आईकडे कधी मागितलाही नव्हता.

लता


देवपूर, धुळे
२ एप्रिल

अक्का,

तुझं उत्तर नाही. मी काही वाट पाहत नव्हते. पोस्टमन रोज अकराला येतो, एवढंच सांगते.

परवा मला दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही असं काहीतरी झालं, म्हणून लिहितेय. पुढची खोली रिकामी झाली.

शेवटचं कपाट दोन माणसांनी उचलून नेलं. मी केर काढला, फरशी पुसली आणि उंबऱ्यात उभी राहिले. अक्का, त्या खोलीत खिडकी आहे! म्हणजे होतीच, पण तिच्यासमोर कपाट होतं. दुपारचं कलतं ऊन आत आलं आणि थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. फरशीवर हिरवी नक्षी आहे, हे मला छत्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मी उगाच 'ओ' म्हटलं, तर भिंतीने 'ओ' दिली. मी खुळ्यासारखी मधोमध बसले आणि हात पसरले. दोन्हीकडे काहीच लागलं नाही. इतकी मोठी जागा माझ्या मालकीची होती आणि मी तिच्यावर छत्र्या रचून ठेवल्या होत्या! अंगावर काटा आला. देवळात येतो तसा.

मग मात्र हाव सुटली. म्हटलं, आता माळा.

माळ्यावर तेजसचे बाबाच चढायचे. दिवाळीला वरून झाडून घ्यायचे आणि कुणाला खालून बघूही द्यायचे नाहीत. काल दोन मजूर बायका लावल्या, सगळं खाली उतरवलं. शेवटी कोपऱ्यातून बारदानात शिवलेलं एक धूड निघालं. आत स्टीलची कोठी. ओळखलीस? आईच्या शेवटच्या आखाजीची. जगाची अक्षय तृतीया, आपली आखाजी. तेव्हा आपण दोघी सोनगीरला होतो. निघताना आईने दोघींच्या हातात एकेक कोठी दिली होती. सारखीच, तसूभर फरक नाही. दर्शनी बाजूला नाव, तुझ्यावर तुझं, माझ्यावर माझं. मला तर रागच आला होता. घरात उभं राहायला जागा नाही आणि ही बाई धान्याची कोठी देते! मी बारदान वरून उसवलं, जुन्या गोधड्या कोंबल्या आणि माळ्यावर टाकायला लावली.

पुढच्या तीन महिन्यांत आई गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आपण घर आवरायला बसलो आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत एरवी झाकून असायचा तो हंडा जागेवर नव्हता. आईच्या आईचा तांब्याचा हंडा, सोनगीरच्या तांबटाने ठोकून केलेला. आपल्याला भाऊ नाही. घरात तिसरा वाटेकरी नाही. मी नेला नाही म्हणजे तू नेलास, इतकं सोपं गणित होतं ते. तू मात्र माझ्याकडे बघून म्हणालीस, "हंडा मायनी तुलेच दिधा. मनाजोडे लिखेल शे." मला तेव्हा वाटलं, चोरी ती चोरी आणि वर हिच्याकडे म्हणे लिहिलेलं आहे!

पुढे मी काय बोलले, ते नको. तुला पाठ असेल.

कोठी अंगणवाडीला देऊन टाकणार आहे. गोधड्या काढल्यात. उद्या घासते.

लता


देवपूर, धुळे
४ एप्रिल

अक्का, अक्का,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

कोठी अंगणवाडीला द्यायची म्हणून काल अंगणात आणली, आडवी पाडली आणि राखेने बूड घासायला घेतलं. बोटांना खरखर लागली. गंज म्हणावा तर स्टीलला कुठला गंज? चष्मा आणला. ठिपके होते. नाव टाकायच्या मशीनचे बारीक बारीक ठिपके, ओळीने, बूडभर. उन्हात धरलं तर नुसतं चकाकायचं, वाचता येईना. मग सुचलं, मूठभर हळद घेऊन चोळली आणि वरून फडकं फिरवलं. हळद ठिपक्यांत बसली आणि अक्षरं पिवळी होऊन वर आली.

जसंच्या तसं उतरवते:

'सोनगीरच्या मावशींचा तांब्याचा हंडा मोडीत. त्यात सारख्या दोन कोठ्या. एकीवर लता एकीवर धुरपदा. धाकटी हंडा मागते. मोठी मागत नाही. हंडा कापून वाटता येत नाही म्हणून. धुरपदाला सांगू नका. ती'

इथे बूड संपलं. 'ती'च्या पुढे जागाच नाही.

हंडा मोडीत गेला, अक्का! तो कोणी नेलाच नाही. आईने जुनं तांबं दुकानात दिलं आणि त्या बदल्यात आपल्या दोघींना कोठ्या घेतल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आपण ज्याच्यासाठी एकमेकींच्या जिवावर उठलो, तो अर्धा माझ्या माळ्यावर होता आणि अर्धा तुझ्या सावद्याच्या स्वयंपाकघरात. सतरा वर्षं तू त्याच्यातून गहू काढून दळत असशील.

सकाळपासून मी कोठीभोवती फेऱ्या घालतेय. हात लावायची भीती वाटते. आईला लिहिता येत नव्हतं. 'मा' तरी येत होतं का तिला? आणि तीच बाई स्टीलवर बोलते आहे. मला कळत नाही की हसू की पाया पडू. पडले पाया, खोटं कशाला.

आता दोन गोष्टी कबूल करते. हंडा मी मागितला होता. दोनदा. दाराशी पाणी भरून, फुलं घालून ठेवायची हौस होती मला. पहिल्या पत्रात नाही म्हटलं, ते खोटं. दुसरी गोष्ट, त्या दिवशी मी तुला म्हणाले होते, "मरती मायना आंगठा ली लिधा व्हई तुनी!" मरत्या आईचा कागदावर अंगठा उठवलास, असा आळ घेतला मी, आणि गल्लीतल्या बायका ऐकत होत्या. तुझं तोंड पांढरं पडलं होतं. पायात चपला न घालता तू स्टँडपर्यंत चालत गेलीस. मी पाहिलं आणि हाक मारली नाही.

माझी एवढी एक विनंती ऐक. तुझी कोठी उलटी करून बघ. बुडाला काही आहे का? असेल तर मला कळव. 'ती' काय? तू काय?

लता


देवपूर, धुळे
११ एप्रिल

अक्का,

तू गप्प. मला मात्र गप्प बसवेना. रिक्षा केली, कोठी शेजारी बसवली आणि जुन्या धुळ्यात मदनलाल शेठजींच्या भांड्यांच्या दुकानात गेले. आपल्या दोघींच्या लग्नाची भांडी तिथलीच. आई दुसरीकडे गेलीच नसती.

शेठजी वारले. गल्ल्यापाशी धनकुंवर बसल्या होत्या, त्यांच्या पत्नी. ऐंशीच्या पुढे असतील. मी काही न बोलता कोठी उलटी करून दाखवली. हळद अजून होतीच. त्यांनी बोट फिरवत फिरवत वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई, ही तर माझी चिठ्ठी!"

झालं ते असं. आई हंडा घेऊन दुपारच्या बसने आली. सोनगीरला तांबटांची घरं आहेत, पण तिथे मोडीत घातला असता तर दिवस मावळायच्या आत गावभर झालं असतं. म्हणून एवढ्या लांब, एकटी. सत्तरीची बाई! धनकुंवर म्हणाल्या, "कडेवर आणला होता गं, लेकरू आणावं तसा. काट्यावर ठेवायला द्यायलाच तयार नाही. मी पाणी दिलं. मग बोलत राहिली." शेठजी बाहेर गेले होते. ते आल्यावर त्यांना समजावं म्हणून आई, म्हणजे त्यांच्या 'सोनगीरच्या मावशी', बोलली तसं धनकुंवरनी एका चिठ्ठीवर लिहून काढलं. दोन्ही नावांखाली रेघ मारली, कारण कोठ्यांवर तेवढंच टाकायचं होतं. चिठ्ठी नाव टाकणाऱ्या कय्युमभाईंकडे गेली.

कय्युमभाई अजून दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. मशीन आता त्यांची मुलगी ताजबी चालवते. त्यांचा उजवा हात थरथरतो. कोठी बघितल्याबरोबर ते घाबरले. "गलती झाली का बाई?"

मी विचारलं, "भाई, एवढं सगळं का टाकलं?"

"आपुन वाचत नाय ना बाई. मदरशात उर्दू शिकलो, तेवढंच. मराठी आपुन काढतो. चिठ्ठीवर जसं तसं भांड्यावर. रेघ होती ते मोठं काढलं, समोर. रेघ नाय ते बारीक, बुडाला. एका बुडात मावलं नाय, मग उरलं ते दुसऱ्या कोठीला टाकलं."

अक्का, तुला काय सांगू! मी त्या माणसाकडे बघतच राहिले. धुळ्यात निम्म्या घरांतल्या भांड्यांवर याच्या हातची नावं असतील. सप्रेम भेट, चि. सौ. कां., अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ. एकही न वाचता! आणि काय अक्षर आहे त्यांचं. वेलांटी बघावी, मात्रा बघावी. माझं शाळेतलं अक्षर त्यापुढे कावळ्याचे पाय. ज्याला एक शब्द कळत नव्हता, त्याने आपल्या आईचा शब्द न शब्द जपून ठेवला. कळला असता तर फक्त नावं टाकली असती आणि बाकीचं चिठ्ठीबरोबर केरात गेलं असतं. मी त्यांना म्हटलं, भाई, तुमची गलती माझ्यावर उपकार आहे. त्यांना ते काही नीट समजलं नाही. पण जीव भांड्यात पडला त्यांचा. अगदी भांड्यातच म्हणायचा.

आईने धनकुंवरना सांगितलं होतं, आत्ता दोघींना काही बोलणार नाही, दिवाळीला दोघी आल्या की समोर बसवून सांगेन. दिवाळी तिला मिळाली नाही.

मी विचारलं, "'ती'च्या पुढे काय लिहिलं होतं?" त्यांनी डोळे मिटून पुष्कळ आठवलं. "मोठीबद्दल होतं काहीतरी. लिहिताना तुझी माय हसत होती आणि डोळे पुसत होती. आता नाही आठवत गं."

म्हणजे उरलेलं तुझ्याकडे आहे. उरलेलं वाक्य तुझ्या कोठीला आहे. आणि येताना रिक्षात माझ्या डोक्यात लख्ख पडलं. "मनाजोडे लिखेल शे." ते हेच का, अक्का? तू मुठीत कागद धरून नव्हतीसच? तू कोठीबद्दल बोलत होतीस?

मनातलं एक वाईट सांगून टाकते, नाहीतर ते आतच कुजेल. चार तारखेपासून मी 'ती'च्या पुढे शब्द लावून बघतेय. ती रागीट आहे. ती मोठं मन करणार नाही. ती भांडेल. माझी इच्छाच होती, की असंच काही निघावं. निघालं तर मी थोडी तरी खरी ठरेन. इतक्या वर्षांनंतर आणि एवढं घर रिकामं केल्यावरही हे माझ्यात शिल्लक होतं. हे कुठल्या ढिगात टाकायचं, तेजसला विचारायची सोय नाही.

कळव. वाईट असलं तरी कळव.

लता


देवपूर, धुळे
२८ एप्रिल

अक्का,

काल दुपारी दारात ट्रक थांबला. सावद्याहून केळी भरून मुंबईकडे निघालेला. ड्रायव्हर उतरला, नाव झुलाल म्हणाला. क्लीनरच्या मदतीने त्याने केळीच्या वाळल्या पानांत गुंडाळलेलं धूड ओट्यावर ठेवलं. मी पान बाजूला केलं तर 'धुरपदा'. तुझी कोठी.

मी म्हटलं, "अहो, मी फक्त बूड बघायला सांगितलं होतं. काही निरोप?"

तो बिचारा अवघडला. मान खाली घालून म्हणाला, "अक्कानी सांगेल शे, तिले म्हना, हाई बी ठेव. आते तरी पोट भरनं का?"

पाणी प्यायला आणि गेला. म्हणजे माझी पत्रं पोचली. तू वाचलीस. आणि रागाने का होईना, कोठी रिकामी करून, पुसून, पानांत गुंडाळून पाठवलीस. रागावलेल्या माणसाने एवढं नीट गुंडाळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी ती पुढच्या खोलीत नेली. रिकाम्या खोलीत. तिथे महिनाभर मी काही ठेवलं नव्हतं, साधी चटईसुद्धा नाही. दोन्ही कोठ्या शेजारी शेजारी आडव्या केल्या, बुडं खिडकीकडे. तुझ्या बुडावर हळद चोळली. तुझ्या हातच्या घासण्याने ठिपके झिजलेत, पण आहेत. मग एका कोठीवरून दुसऱ्या कोठीवर बोट नेत मी मोठ्याने वाचलं. आईचं वाक्य सतरा वर्षांनी पुरं झालं. तुझ्याकडचं तुला पाठ असेल, पण तू ते कधी माझ्याकडच्याला जोडून वाचलेलं नाहीस. आता वाच:

'धुरपदाला सांगू नका. ती हंड्याचा आपला वाटा पण लतालाच देऊन टाकेल. आखाजीच्या आत द्या.'

कळलं का, अक्का? त्या वाक्यातलं तुझ्याकडे नुसतं एवढं होतं, 'हंड्याचा आपला वाटा पण लतालाच देऊन टाकेल'. देणार कोण, ते तिथे नाहीच. 'ती' माझ्या कोठीवर राहिली. तू वाचलंस, की आई देणार, आणि आपला म्हणजे आपल्या घरातला, तुझ्या हक्काचासुद्धा, सगळा हंडा लताला. म्हणून तू मला म्हणालीस, तुलेच दिधा. तू खरंच बोलत होतीस, लिहिलेलं वाचून बोलत होतीस. आई मात्र तुझ्याबद्दल बोलत होती. आपला म्हणजे तुझा स्वतःचा. त्या एका 'आपला'ने आपल्याला परकं केलं.

आईला तुझी भीती होती, अक्का. तू भांडशील याची नाही. तू देऊन टाकशील याची. धाकटीने मागितलं की ही उघड्या हाताने सगळं देऊन मोकळी होईल आणि स्वतःला काही ठेवणार नाही. म्हणून तुझा वाटा तुझ्यापासून लपवून, तुझं नाव घालून, बारदानात शिवून तुला द्यावा लागला. आणि ज्या बहिणीला आईने हे असं ओळखलं, तिला मी गल्लीसमोर चोर म्हटलं. मरत्या आईचा अंगठा घेणारी म्हटलं. माझी चूक झाली. मला माफ कर, असं लिहायला मला सतरा वर्षं आणि पाच पत्रं लागली. माफ कर.

पण थांब, अजून सगळ्यात मोठं सांगायचंय. ते वाचलं तेव्हा मी फरशीवर बसले होते आणि ऊन दोन्ही बुडांवर होतं. माझं लक्ष केळीच्या पानांकडे गेलं. मी मागितलंही नव्हतं. फक्त बघ म्हटलं होतं. आणि तू काय केलंस? आपला वाटा पण लतालाच देऊन टाकलास! चिडून, शिव्या घालत, पण दिलासच. आईने दोन हजार आठ साली जे सांगितलं, ते काल दुपारी माझ्या ओट्यावर झुलालने उतरवलं. मला रडू आलं आणि रडता रडता हसू आलं. माणूस माणसाला इतकं ओळखू शकतं? इतकं, की आपण मेल्यानंतर सतरा वर्षांनीसुद्धा ते चुकत नाही? मी हात जोडले. कोणाला, ते ठाऊक नाही. दोघींना असतील.

पुढची खोली आता रिकामी नाही. तिच्यात दोन कोठ्या आहेत. पण एकच राहणार आहे. मी अंगणवाडीच्या ताईंना सांगितलं, तुम्हाला दुसरं काहीतरी देईन. छत्र्या चालतील का विचारणार होते, पण त्या रागावल्या असत्या.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. तुझ्या कोठीत ठेवतेय, वर निळा थर्मास, लंगडं पोळपाट, ताट आणि झोक्यावरचा फोटो. म्हणजे तुझा चौथा ढीग. आता झाकण लावून सुतळीने बांधेन. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या ओट्यावर असेन. चपला घालून आलेय की न घालता, ते तूच बघ. आत ये म्हण किंवा म्हणू नकोस, पण कोठी परत पाठवायची नाही. आईने सक्त सांगून ठेवलंय.

चिठ्ठीची शेवटची ओळ तुझ्याकडेच होती, 'आखाजीच्या आत द्या'. आखाजी परवा आहे. मी उद्या सकाळच्या बसने निघते.

लता